पहिल्या सेकंदाचे ४.९ मीटर

दहावीच्या विज्ञानात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. मुक्त पतनात वस्तू किती खाली येते याचं उत्तर तिथे एका ओळीत मिळतं: वेळेचा वर्ग करा, ९.८ ने गुणा, निम्मे करा. पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दोन सेकंदांत १९.६, तीन सेकंदांत ४४.१. ही ओळ हाती यायला माणसाला फार झगडावं लागलं. अंतर दोरीने मोजता येत होतं. सेकंद कशाने मोजायचा?

गॅलिलिओने पडणंच मंद केलं. १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या ग्रंथात त्याने मांडणी सांगितली आहे. बारा हात लांब लाकडी तुळई, तिच्यात बोटभर रुंद सरळ खाच, खाचेत गुळगुळीत चर्मपत्र चिकटवलेलं. तुळईचं एक टोक उचलून वरून काशाची गोळी सोडायची. गोळी सुटली की उंचावरच्या भांड्याच्या नळीतली बारीक धार पेल्यात धरायची, गोळी पोचली की थांबवायची आणि पेल्यातलं पाणी तराजूत तोलायचं. पाण्याचं वजन हाच वेळ! दुप्पट वेळात चौपट अंतर, तिप्पट वेळात नऊपट. सुटा सुटा हिशेब केला तर सारख्या कालखंडांत १, ३, ५, ७ अशी वाढ.

प्रमाण बिनचूक, पण प्रत्यक्ष आकडा चुकला. १६३२ च्या 'संवाद' या ग्रंथात त्याने पाच सेकंदांत शंभर हात असं म्हटलं आहे. खरं अंतर त्याच्या दुपटीहून जास्त आहे. पॅरिसच्या मर्सेनने स्वतः वस्तू टाकून पाहिल्या आणि ही तफावत पकडली.

मला सगळ्यात आदर वाटतो तो बोलोन्याच्या रिच्चोलीचा. हा जेझुइट पाद्री गॅलिलिओचा नियम खोटा ठरेल अशाच अपेक्षेने कामाला लागला. आधी लंबकाचा एक हेलकावा बरोबर एका सेकंदाचा हवा, म्हणून नऊ जेझुइटांनी आळीपाळीने चोवीस तास हेलकावे मोजले. दिवसाचे सेकंद ८६,४००. मोजणी भरली ८७,९९८. त्याने समाधान होईना, पुन्हा मोजणी. मग सेकंदाला सहा ठोके देणारा छोटा लंबक घेऊन तो आणि त्याचा सहकारी ग्रिमाल्दी आसिनेल्ली मनोऱ्यावरून खडूचे गोळे टाकू लागले. पाच ठोक्यांत १० फूट, दहात ४०, पंधरात ९०, विसात १६०, पंचविसात २५०. नियम खरा निघाला. विरोधकाचं म्हणणं आपल्याच हातांनी सिद्ध झालं, तर ही बातमी सांगायला दोघं गॅलिलिओचा शिष्य काव्हालिएरी याच्याकडे गेले. १६५१ च्या आपल्या ग्रंथात रिच्चोलीने सारं छापलंही.

नेमका आकडा डच शास्त्रज्ञ हायगेन्सने काढला, तोही काही खाली न टाकता. लंबकाची लांबी आणि त्याच्या हेलकाव्याचा काळ यांच्या गणितातूनच पतनाचं अंतर निघतं, हे त्याने दाखवलं. १६७३ च्या पुस्तकात त्याने दिलेलं उत्तर आहे पहिल्या सेकंदात १५ पॅरिस फूट १ इंच, म्हणजे ४.९० मीटर. तोवर रिशेर नावाच्या फ्रेंच खगोलज्ञाला विषुववृत्ताजवळच्या केयेनमध्ये एक विचित्र गोष्ट आढळली होती: पॅरिसला नीट लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडत होतं. म्हणजे तिथे वस्तूही जरा हळू पडते.