हिर्टाच्या भिंती आणि आपला घाणा



स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीज बेटांच्याही पलीकडे सुमारे ६५ किलोमीटरवर, भर समुद्रात सेंट किल्डा हा द्वीपसमूह आहे. त्यातले मोठे बेट हिर्टा. १६९७ साली मार्टिन मार्टिन हा प्रवासी तिथे गेला, तेव्हा सुमारे १८० माणसे राहत होती. ती जव आणि ओट पिकवत, गुरे-मेंढ्या पाळत आणि दोराने कड्यावरून उतरून समुद्रपक्षी धरत. जमीनदार मॅक्लाउड. त्याचा खंड जिनसांत भरायचा.

१७२७ मध्ये देवीची साथ आली आणि बहुतेक गाव संपले. पक्षी धरायला स्टॅक ॲन आर्मिन या सुळक्यावर गेलेले ३ पुरुष आणि ८ मुले वाचली, कारण त्यांना आणायला होडीच गेली नाही. सगळा हिवाळा त्यांनी तिथेच काढला. पुढे इतर बेटांवरची कुटुंबे आणून गाव पुन्हा वसवले गेले.

१८३० च्या दशकात जुनी घरे पाडून नवी बांधली, शेतांचे पट्टे नव्याने आखले. तरी जुन्या शेतीच्या खुणा राहिल्या. सर्वांत जास्त दिसतात ती ‘क्लेट’, म्हणजे चुना-माती न वापरता रचलेली, वर गवताच्या ढेपा घातलेली दगडी कोठारे. एकट्या हिर्टावर ती १,२०० हून अधिक आहेत. भिंतीच्या फटींतून वारा खेळतो, म्हणून आत पक्ष्यांचे मांस, गवत, सरपण कोरडे राही. घरात माणसे आणि गुरे एकाच छपराखाली असत. हिवाळाभर राख आणि शेण जमिनीवर साठू देत आणि वसंतात उकरून शेतात टाकत. घराची जमीन अशी दरवर्षी शेतात जाई.

२९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटच्या ३६ जणांनी बेट सोडले. आता नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ते सांभाळते. १९८६ ते १९९० मध्ये तिथे उत्खनन झाले. एकेका भिंतीचे मोजमाप कागदावर आहे.

हे वाचताना मला आपले कोकण आठवते. हिर्टावर रविवारी काम बंद असे. आपले घाणे शनिवारी बंद असत, म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे आपण लंडनपर्यंत आणली, पण गावात आपला घाणा नेमका कुठे होता, विहीर कोणती, घराचे जोते कुठवर होते, हे किती घरांत सांगता येईल? नवगावच्या दफनभूमीला आपण जातो, तिथे स्मारक आहे. कामाच्या जागांना मात्र स्मारक नाही.

हिर्टाचे लोक गेले तेव्हा त्यांच्या भिंती उभ्या होत्या. आपल्या भिंती मातीच्या, पावसात विरघळणाऱ्या. त्यांचा नकाशा आजी-आजोबांच्या डोक्यातच आहे. पुढच्या शाब्बाथला जेवणानंतर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. शाब्बाथ संपला की ते सगळे लिहून ठेवा.