बहात्तरांश विमान

सहा फूट उंचीचा मनुष्य एका इंचात बसवावयाचा, तर त्याला बहात्तर पटींनी लहान करावे लागते. सहा फुटांत इंच असतात तेवढेच. विमानांच्या प्रतिकृतींत रूढ झालेले १:७२ हे प्रमाण या साध्या हिशेबातून निघाले. इंग्लंडमध्ये जे. एच्. स्टीव्हन्स यांनी १९३२ च्या सुमारास 'स्कायबर्ड्स' नावाचे लाकडी संच याच मापाने काढले. १९३६ मध्ये 'फ्रॉग' या उडत्या विमानांच्या निर्मात्यांनी त्याच मापाचे प्लॅस्टिकचे संच आणले. ते उडत नसत, म्हणून त्यांचे नाव 'पेंग्विन'! नाव ठेवणाराच्या विनोदबुद्धीला दाद दिलीच पाहिजे.

येथवर सारा खेळच होता. परंतु ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारल्यास तीनच दिवस झाले असता, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच बाजूची दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. त्यांपैकी एका वैमानिकाचा अंत झाला. आकाशातील आकृती क्षणार्धात ओळखणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे त्या सकाळी दिसून आले. पुस्तकातील चित्र एकाच बाजूचे असते. विमान मात्र वरून, खालून, तिरपे, कसेही समोर येते. ते कोणत्याही अंगाने ओळखण्याचा सराव हातात फिरवता येणाऱ्या प्रतिकृतीवर होऊ शकतो.

१९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडे पाच लाख लाकडी विमाने मागितली. माप १:७२, रंग काळा. कारण दूरच्या विमानाची बहुधा काळी आकृतीच दिसते. या मापाचा एक लाभ असा, की ३५ फुटांवर धरलेली प्रतिकृती २,५२० फुटांवरील, म्हणजे सुमारे अर्ध्या मैलावरील, खऱ्या विमानाएवढी भासते. वर्गाच्या एका टोकाला उभा असलेला तोफची दुसऱ्या टोकाला अर्ध्या मैलावरचे आकाश पाहत असे. सुतारकामाच्या तासाला मुलांनी तासलेल्या लाकडावर कोणाचे तरी प्राण अवलंबून होते.

युद्धानंतर हे माप पुन्हा मुलांकडे आले. १९५३ साली 'एअरफिक्स'ने स्पिटफायरचा प्लॅस्टिकचा संच काढला. पंखांचा विस्तार सहा इंचांहून किंचित अधिक. पुढे मीटर-सेंटिमीटरने मोजणाऱ्या जपानमध्ये आणि इटलीतही हेच प्रमाण स्वीकारले गेले. तेथील कारखान्यांतून आजही बहात्तरांश विमाने बाहेर पडतात, आणि त्यांत बसलेला वैमानिक उभा राहिला तर इंचभरच भरेल.