बेसच्या तारा: दोन कान, दोन आवाज
तर मंडळी, आता बेस गिटारच्या तारांकडे येऊ. पोलादी गाभ्यावर चपटी पट्टी गुंडाळली की स्वर दबका, गोल येतो. गोल तार गुंडाळली की खणखणीत. डेट्रॉइटच्या मोटाउनमधला जेम्स जेमर्सन मूळचा उभा डबल बेस वाजवणारा. तो चपट्या गुंडाळीच्या जाड तारा लावायचा, आणि तुटल्याशिवाय बदलायचाच नाही! मळलेल्या तारांतच त्याला हवा तो स्वर मिळे. लंडनमध्ये 'द हू'च्या जॉन एंटविसलला नेमकं उलट, पियानोसारखं काही हवं होतं. १९६६ साली त्याने रोटोसाउंडकडून गोल गुंडाळीच्या तारा हव्या तशा करून घेतल्या. रॉकने पुढे त्याच उचलल्या. मी मात्र जेमर्सनच्या बाजूचा. त्याचा बेस गायकाला कुठेच आडवा येत नाही.