क्लावे म्हणजे नक्की कोणती चावी?

स्पॅनिशमध्ये 'क्लावे' नावाचा एक शब्द आहे. बँकेच्या कागदांत तो पावलोपावली भेटतो आणि इंग्रजीत आणताना भाषांतर करणाऱ्याला घाम फोडतो. माझी नात हेच काम करते, त्यामुळे सध्या आमच्या घरी या शब्दाचे बरेच कौतुक चालू आहे. मला स्पॅनिश येते ते शब्दकोशापुरते. पण शब्द दिसला की त्याचे घराणे विचारायची माझी सवय काही निवृत्त झालेली नाही.

मूळ शब्द लॅटिन 'क्लाविस', म्हणजे किल्ली. स्पॅनिशमध्ये त्याची दोन मुले झाली. एक लोकांच्या तोंडी झिजत 'यावे' झाले. कुलपाला लागते ती ही. दुसरे पंडितांनी लॅटिनमधून उचलले, ते 'क्लावे'. आपल्या व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर यावे तद्भव आणि क्लावे तत्सम. तत्सम शब्दाची ऐट जास्त असते, तशी याचीही. कमानीच्या माथ्यावरचा दगड क्लावे, पाश्चात्त्य स्वरलिपीच्या सुरुवातीची खूण क्लावे, गुप्त लिखाणाची गुरुकिल्ली क्लावे आणि कसलाही सांकेतिक क्रमांक, तोही क्लावेच. (शेजारच्या पोर्तुगिजांकडे त्याच क्लाविसचे जे रूप झाले ते जहाजातून आपल्या किनाऱ्याला लागले आणि 'चावी' झाले. म्हणजे क्लावे आणि चावी चुलत बहिणी!)

आता हा शब्द इंग्रजीत न्यायचा तर कोणता अर्थ घ्यायचा? संगणकावर खाते उघडायचा असेल तर पासवर्ड, कार्डाचा चार आकडी असेल तर पिन, संदेश कुलूपबंद करण्याच्या गणितातला असेल तर 'की'. वाक्यात मात्र पुष्कळदा नुसतेच 'आपली क्लावे द्या' एवढेच असते. नात म्हणते, आजोबा, मी आधी एकच विचारते: हा आकडा लपवायचा आहे की सांगायचा?

हा प्रश्न किती खरा आहे ते मेक्सिकोत कळते. तिथे प्रत्येक बँक खात्याला १८ आकडी प्रमाणित क्रमांक असतो. पहिले तीन आकडे बँकेचे, पुढचे तीन ठिकाणाचे, मग अकरा खात्याचे आणि शेवटचा एक पडताळणीचा. त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवून शब्द झाला 'क्लाबे'. तुम्हाला कोणी पैसे पाठवणार असेल तर हा क्रमांक त्याला द्यावाच लागतो, त्यात गुप्त काही नाही. आणि स्पॅनिशमध्ये ब आणि व यांचा उच्चार एकच! म्हणजे लपवायची क्लावे आणि सांगायची क्लाबे कानाला अगदी सारख्या. फोनवरच्या दुभाष्याने क्लाबेला पासवर्ड म्हटले की बिचारा ग्राहक एकतर घाबरून फोन ठेवणार, नाहीतर भोळेपणाने खराच पासवर्ड सांगून मोकळा होणार. चूक एका शब्दाची आणि खाते रिकामे.

पासवर्डसाठी त्यांचा दुसरा शब्द आहे 'कोंत्रासेन्या'. सेन्या म्हणजे खूण, आणि तिला उत्तर देणारी ती कोंत्रासेन्या. हा शब्द बँकेत आला तो लष्करातून. जुन्या काळी स्पॅनिश फौजेत आपला कोण आणि परका कोण हे ओळखण्यासाठी एखाद्या संताचे नाव आणि एक खूण ठरवत. त्याला 'सांतो इ सेन्या' म्हणत, शब्दशः 'संत आणि खूण'. कोंत्रासेन्याला इंग्रजीत शब्दाला शब्द असा 'काउंटरसाइन' आहे, पण तो छावणीतच राहिला, बँकेने पासवर्ड घेतला. आपला परवलीचा शब्दही पहाऱ्यावरचाच की!

सगळ्यांत मजेदार मला वाटते ती 'फिर्मा', म्हणजे सही. लॅटिनमध्ये याचा अर्थ पक्के करणे. व्यापारी ज्या नावाने सही करत तेच पेढीचे नाव झाले, आणि इंग्रजांची 'फर्म' झाली ती याच सहीतून, इटलीच्या वाटेने. म्हणून नवशिका भाषांतरकार इथे हमखास घसरतो. (आपली 'सही' अरबीतून आली. मूळ अर्थ 'बरोबर'. ते पक्के करतात, आपण बरोबर म्हणतो.) काही स्पॅनिश बँकांत आत शिरायला एक क्लावे आणि पैसे हलवायला दुसरी, 'क्लावे दे फिर्मा'. तिला 'सिग्नेचर की' म्हटले तर इंग्रज वाचकाला काय कळणार? नातीने 'ट्रान्झॅक्शन पासवर्ड' केले. आपल्याकडे नेट बँकिंग वापरणाऱ्याला ते लगेच कळेल. मला पटले.

कधी कधी मात्र अक्कल चालवायचीच नसते. युरोपीय संघाच्या २०१५ च्या कायद्याने ग्राहकाची दुहेरी ओळख सक्तीची केली, ती १४ सप्टेंबर २०१९ पासून. ग्राहकाला माहीत असलेले काही, त्याच्याजवळ असलेले काही आणि तो स्वतः (बोटाचा ठसा वगैरे), या तिन्हींपैकी दोन तरी हवेत. स्पॅनिश मसुद्यात या ओळखीला 'मजबूत केलेली' अशा अर्थाचे विशेषण आहे, इंग्रजी मसुद्यात सरळ 'स्ट्राँग'. दोन्ही मसुदे कायदाच, तेव्हा इथे स्वतःचा शब्द घडवणे म्हणजे कायदा बदलणे. (आपल्या रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा ओळखीची अट ऑगस्ट २००९ मध्येच घातली होती. हे नातीला सांगताना माझी छाती जरा फुगली.)

त्याच नियमांत आकड्यांच्या चौकटीचे छापील कार्डही गेले. स्पॅनिशमध्ये त्याला 'निर्देशकांचे कार्ड' म्हणत. शब्दशः भाषांतर केले की भूमितीचा तास आठवतो. इंग्रजीत 'ग्रिड कार्ड' बरे. छापील कागदाची कोणीही नक्कल काढू शकतो, म्हणून युरोपीय बँकिंग प्राधिकरणाने २०१९ साली ते ओळखीचा पुरावा म्हणून अमान्य केले. शब्द अजून जुन्या करारांत सापडतो, आणि तिथून त्याला इंग्रजीत न्यावेच लागते.

स्पेनच्या सरकारने २०१४ साली नागरिकांना सरकारी कामे ऑनलाइन करताना ओळख पटवण्यासाठी एक व्यवस्था काढली. तिचे नाव ठेवले क्लावे, मधल्या 'आ'च्या जागी ईमेलच्या पत्त्यातले 'ॲट'चे चिन्ह घालून. इंग्रजी पानांवरही ते नाव तसेच छापतात. तेवढ्यापुरती नातीची सुटका.