डिझेल इंजिनात अल्कोहोल : अडते कुठे?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबून इतकी तापवली जाते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. इंधनाची ही तत्परता सीटेन अंकाने मोजतात. भारतात आणि युरोपात डिझेलचा हा अंक किमान ५१ असावा लागतो. इथेनॉलचा जेमतेम १० च्या आसपास असतो. पेट्रोल इंजिनात पेटवण्याचे काम ठिणगी करते, म्हणून तिथे इथेनॉल खपून जाते. शिवाय त्याची वाफ होताना डिझेलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषली जाते आणि दाबलेली हवा ऐन वेळी थंडावते.

दोन्ही इंधने सरळ मिसळावीत, हा उपाय सर्वांत सोपा वाटतो. प्रत्यक्षात तोच सर्वांत कटकटीचा आहे. थोडे पाणी शिरले किंवा थंडी वाढली की मिश्रण फाटते. ते एकजीव ठेवण्यासाठी तिसरे द्रव्य घालावे लागते. वंगणाचा गुण घटल्याने इंधनपंप झिजतो. मुख्य म्हणजे, थोड्याशा इथेनॉलनेही टाकीतील इंधन पेट्रोलसारखे ज्वालाग्राही बनते. साठवणुकीचे नियमच मग बदलावे लागतात.

दोन्ही इंधने वेगळी ठेवून डिझेलच्या छोट्या फवाऱ्याने अल्कोहोल पेटवणे अधिक शहाणपणाचे. गोटेनबर्ग-कील मार्गावरील ‘स्टेना जर्मानिका’ ही फेरीबोट २०१५ पासून याच तत्त्वावर मिथेनॉल वापरते. एवढ्या जहाजावर दुसऱ्या टाकीला जागा मिळते. ट्रॅक्टरवर ती सहज मिळत नाही.

स्वीडनच्या स्कॅनियाने इंजिनच बदलले. संपीडन गुणोत्तर १८ वरून २८ वर नेले आणि ९५ टक्के इथेनॉलमध्ये प्रज्वलनवर्धक मिसळले. डिझेलची गरजच उरली नाही. स्टॉकहोमच्या रस्त्यांवर रुळलेली ही बस २०१४ मध्ये नागपुरात आली. एक लिटर इथेनॉलमध्ये डिझेलच्या सुमारे ६० टक्केच ऊर्जा असते, त्यामुळे किलोमीटरमागे इंधन जास्त लागते आणि हिशेब दरावर येऊन ठेपतो. नागपूरची सेवा २०१८ मध्ये थांबली, ती मात्र थकबाकीच्या वादात. इंजिनाचा त्यात दोष नव्हता.

डिझेलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग यशस्वी न झाल्याने भारताने आता आयसोब्युटॅनॉलकडे मोर्चा वळवला आहे. चार कार्बनांचे हे अल्कोहोल डिझेलमध्ये सहज विरघळते आणि लिटरमागे इथेनॉलहून जास्त ऊर्जा देते. त्याची चाचणी पुण्याच्या ‘एआरएआय’कडे आहे. ज्वालाग्राहीपणाचा प्रश्न मात्र त्यानेही पूर्णपणे सुटत नाही.