बोरिवली राष्ट्रीय उद्यानातील वाहनप्रवेश : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
संरक्षित सार्वजनिक भूमीवर वाहनांना प्रवेश असावा की नसावा, हा प्रश्न अमेरिकेत प्रामुख्याने हौसेखातर आडरानात गाड्या घालणाऱ्यांच्या संदर्भात उपस्थित झाला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या आदेशाने अशा गाड्यांसाठी ठरावीक वाटा व क्षेत्रे आखून देण्याचे बंधन तेथील शासकीय खात्यांवर आले. योगायोग असा की, भारतातील वन्यजीव (संरक्षण) अधिनियमही त्याच वर्षीचा. मात्र मुंबई उपनगरातील जंगलाच्या संदर्भात हौशी वाहनचालकांचा प्रश्न दुय्यम ठरतो. येथे चाकांना वाट मागितली गेली ती पाण्यासाठी, लेण्यांसाठी, वस्तीसाठी आणि अलीकडे शहराच्या रहदारीसाठी. प्रस्तुत लेखात या मागण्यांचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे.

पाणलोट क्षेत्र ते राष्ट्रीय उद्यान :
कान्हेरीचा डोंगर एकाकी कधीच नव्हता. सोपारा व कल्याण या प्राचीन व्यापारी केंद्रांच्या दरम्यान तो वसलेला असून तेथील शिलालेखांत या दोन्ही नगरांतील दात्यांचे उल्लेख सापडतात. म्हणजे या रानातून पायवाटा होत्याच. आधुनिक काळात जंगलाला कुंपण पडले ते मात्र वाघ-बिबट्यांसाठी नव्हे. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाले, आणि मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी भोवतालचा पाणलोट राखणे महापालिकेस आवश्यक झाले. आज उपनगरात जी वनराई टिकून आहे, तिचे श्रेय बऱ्याच अंशी या तलावांना द्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राष्ट्रीय उद्याने अधिनियम, १९५० संमत झाला व त्यातून सुमारे २० चौरस किलोमीटरचे कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. त्यालाच पुढे बोरिवली राष्ट्रीय उद्यान आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असे नाव मिळाले. आज त्याचे क्षेत्र १०० चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. क्षेत्र वाढले, तसे शहरही चहूबाजूंनी भिडले. घोडबंदर रस्त्याने तर उद्यानाचा नागला भाग मुख्य जंगलापासून तोडला असून या रस्त्यावर वाहनांखाली बिबटे मृत्युमुखी पडल्याच्या घटना घडल्या आहेत.

कायद्यातील वाट :
१९७२ च्या अधिनियमाचे कलम २७ प्रवेशाचे नियमन करते. कलम ३५ मुळे ते राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. परवान्याशिवाय आत जाण्याची मुभा कर्तव्यावरील लोकसेवक, राहण्याची परवानगी मिळालेली व्यक्ती, आतील स्थावर मालमत्तेवर हक्क असणारी व्यक्ती, या तिघांवर अवलंबून असणारे आणि सार्वजनिक हमरस्त्याने पार जाणारा प्रवासी यांनाच आहे. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन इत्यादींसाठी कलम २८ खाली परवाना मिळू शकतो. या यादीत वाहनाचा उल्लेख नाही. विचार केला आहे तो माणसाचा व त्याच्या प्रयोजनाचा. परिणामी कान्हेरीला जाणाऱ्या पर्यटकाची गाडी आणि पाड्यावरच्या आजाऱ्याला नेणारी गाडी यांतील फरक कायद्याच्या अक्षरात शोधावा लागतो. ही उणीव किरकोळ मानता येत नाही.

उद्यानात वारली, महादेव कोळी, मल्हार कोळी, कोकणा आदी समाजांचे पाडे आहेत. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मे १९९७ मध्ये अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला व १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या रहिवाशांच्या पुनर्वसनाचा मार्ग ठेवला. शहरातून आत शिरलेली झोपडपट्टी आणि पूर्वापार पाडे एकाच मापाने मोजले जाण्याचा धोका या टप्प्यावर निर्माण झाला. तारखेच्या पुराव्यावर आधारलेली कसोटी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला तोकडीच पडणार.

वनहक्क अधिनियम, २००६ ने वेगळी दिशा दाखविली. त्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेची शिफारस असल्यास रस्त्यासारख्या सोयीसाठी एक हेक्टरहून कमी वनजमीन वळविता येते. अट एवढीच की, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत. परंतु महापालिका क्षेत्रात ग्रामपंचायत नसते, तर ग्रामसभा कोणती? अधिनियमातील ‘गाव’ या संज्ञेत जुन्या वस्त्या व सर्वेक्षण न झालेली गावे समाविष्ट आहेत. हा अर्थ स्वीकारल्यास बोरिवली-मुलुंडच्या पाड्यांनाही या तरतुदीचा आधार मिळू शकतो. ‘शहरात गाव कसले?’ ही प्रशासकीय शंका कायद्यापेक्षा सवयीतून आलेली दिसते.

भूगर्भातील रस्ते :
डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. त्यानंतर वाहतुकीची मागणी जमिनीखाली वळली. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे सुमारे ४.७ किलोमीटरचे व ठाणे-बोरिवली मार्गाचे सुमारे १०.२५ किलोमीटरचे जुळे बोगदे उद्यानाखालून योजिले गेले. १३ जुलै २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते या कामांचा आरंभ झाला. बोगद्यामुळे बिबट्याची वाट चाकांपासून मोकळी राहते, हा युक्तिवाद रास्त आहे. तरी बोगद्याची तोंडे, राडारोड्याची वाहतूक आणि डोंगरातील भूजल यांचा हिशेब जमिनीच्या पृष्ठभागावरच मांडावा लागतो. शहराच्या दोन टोकांना जोडण्यासाठी डोंगर पोखरण्याची परवानगी मिळाली, त्या काळातही डोंगरावरच्या काही पाड्यांपर्यंत रुग्णवाहिका पोहोचेल अशा वाटेचा प्रश्न वनखाते, महापालिका आणि वनहक्क समित्या यांच्या दरम्यानच फिरत राहिला.