कुळाची लेखी सूचना आणि जमिनीची मालकी : मलकापूर परिसराच्या संदर्भात वऱ्हाडातील कूळकायद्याचा अभ्यास

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर तालुका हा रयतवारी वऱ्हाडाचा भाग होय. येथे सरकारदरबारी खातेदाराचे नाव असे. प्रत्यक्ष वहिती मात्र अनेकदा मक्त्याने वा बटईने करणाऱ्याकडे असे. त्यामुळे मक्त्याचे रूपांतर मालकीत कसे झाले, हा येथील कृषी इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न ठरतो. कोणी कोणास सूचना द्यावयाची, या एका तरतुदीवरून त्या परिवर्तनाचे स्वरूप स्पष्ट होते.

कायद्याचे तीन टप्पे :
१९५१ च्या वऱ्हाड शेतजमीन पट्टा नियमन कायद्याने पट्ट्यास पाच वर्षांची मुदत दिली. तथापि, स्वतःच्या वहितीसाठी जमीन हवी असल्यास खातेदार पट्टेदारास नोटीस देऊ शकत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५८ चा विदर्भ कूळकायदा संमत झाला. त्यातील कलम ४१ व ४३ अन्वये कुळाने जमीनमालकापुढे खरेदीचा प्रस्ताव ठेवावयाचा होता. म्हणजे सूचनेची दिशा उलटली. मात्र ज्याच्या शेतात राबावयाचे त्यालाच असा कागद देणे परावलंबी कुळास सोपे नव्हते. पुढे कलम ४६ अन्वये १ एप्रिल १९६१ पासून आणि कलम ४९-अ अन्वये १ एप्रिल १९६३ पासून, अपवाद वगळता, मालकी कायद्यानेच कुळाकडे गेली.

सूचनेची अट व तिचे परिणाम :
सूचनेची अट किती निर्णायक ठरते, हे १९४८ च्या मुंबई कूळकायद्यावरून दिसते. जमीनमालक विधवा, अज्ञान वा अपंग असल्यास कलम ३२-फ अन्वये कुळाची खरेदी लांबणीवर पडे व पुढे ठरावीक मुदतीत कुळाने लेखी सूचना देणे आवश्यक असे. १९६९ च्या दुरुस्तीने मुदत चुकलेल्यांना दोन वर्षांची संधी दिली. तीही हुकल्यास हक्क संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ठरविले. विधवेच्या मृत्यूची वा वारसाची माहिती कुळास कोणी द्यावी, हे कायद्यात नव्हते. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय रद्द ठरवून, ही माहिती कुळास देण्याची जबाबदारी वारसावर टाकली.

निष्कर्ष :
'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व एक असले तरी सूचनेचा भार ज्याच्यावर, त्याच्याच पदरी मुदत चुकल्याची हानी पडते. वऱ्हाडात १९६१ व १९६३ च्या तरतुदींनी हा भार बऱ्याच अंशी उतरविला. म्हणून कूळकायद्याचे मूल्यमापन करताना हक्काइतकीच तो बजावण्याची कार्यपद्धतीही तपासणे आवश्यक ठरते.